रोझा पार्क्स सगळ्यांना माहीत, मग क्लॉडेट कोल्विन का नाही? ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ची शंभर वर्षं आणि मागे राहिलेली नावं

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या ४२ वर्षांच्या कृष्णवर्णीय महिलेनं बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली आणि शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. नागरी हक्क चळवळीतला हा प्रसंग आपल्याकडेही अनेकांनी वाचलेला असतो.

पण त्याच शहरात, त्याआधी नऊ महिने, १५ वर्षांच्या एका शाळकरी मुलीनं नेमकं हेच केलं होतं. तिचं नाव क्लॉडेट कोल्विन. माँटगोमेरीच्या बसमधला वर्णभेद ज्या खटल्यामुळे संपला, त्यात रोझा पार्क्स फिर्यादी नव्हत्या, कोल्विन होती. तरीही पुढची कित्येक वर्षं हे नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

अमेरिकेत दर फेब्रुवारीत ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळला जातो. तो ज्या उपक्रमातून आला, त्याला २०२६मध्ये १०० वर्षं झाली. या निमित्तानं एक साधा प्रश्न विचारता येतो. एकाच लढ्यातलं एक नाव घरोघरी पोहोचतं आणि दुसरं मागे पडतं, हे नेमकं कशामुळे होतं?

‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ सुरू कुणी केला?

कार्टर वुडसन या इतिहासकारानं. वुडसन यांचा जन्म १८७५चा, व्हर्जिनिया राज्यातला. त्यांचे आईवडील एकेकाळी गुलाम होते. तरुणपणी त्यांनी कोळशाच्या खाणीत काम केलं आणि वयाच्या विसाव्या वर्षी हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला. पुढे १९१२मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्यानंतर हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय.

शाळा-कॉलेजांच्या इतिहासाच्या पुस्तकांत आपला समाज एक तर नसतो, किंवा फक्त गुलाम म्हणून असतो, हे त्यांनी पाहिलं होतं. ‘ज्यांची नोंद नाही, त्यांचं योगदानही नाही’ असं मानलं जातं, तेव्हा आधी नोंदी गोळा करायला हव्यात, ही त्यांची भूमिका होती. त्यासाठी त्यांनी १९१५मध्ये एक संस्था स्थापन केली, १९१६मध्ये संशोधनपत्रिका काढली आणि फेब्रुवारी १९२६मध्ये ‘निग्रो हिस्टरी वीक’ सुरू केला. ‘निग्रो’ हा त्या काळचा रूढ शब्द. आज तो टाळला जातो.

फेब्रुवारीच का? गुलामगिरी संपवणारे अध्यक्ष अब्राहम लिंकन आणि गुलामीतून निसटून मोठे वक्ते-लेखक झालेले फ्रेडरिक डग्लस, या दोघांची जयंती फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येते. कृष्णवर्णीय समाजात हे दिवस आधीपासूनच पाळले जात होते.

वुडसन १९५०मध्ये गेले. १९७०मध्ये केंट स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थी-प्राध्यापकांनी आठवड्याचा महिना केला आणि १९७६मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली. ब्रिटनमध्ये असाच महिना १९८७पासून ऑक्टोबरमध्ये पाळला जातो.

क्लॉडेट कोल्विननं काय केलं?

माँटगोमेरीच्या बसमध्ये पुढच्या रांगा गोऱ्यांसाठी राखीव असत. मागे कृष्णवर्णीय बसत. पुढच्या जागा भरल्या की मधल्या रांगेतल्या कृष्णवर्णीयांना ड्रायव्हर उठवत असे. एका गोऱ्या प्रवाशाला बसायचं असलं, तरी अख्खी रांग रिकामी करावी लागे, कारण दोघांनी एका रांगेत बसणंही मान्य नव्हतं.

२ मार्च १९५५ रोजी कोल्विन शाळेतून घरी निघाली होती. बस भरली, एक गोरी महिला उभी राहिली आणि ड्रायव्हरनं रांग रिकामी करायला सांगितलं. तिच्याबरोबरच्या मुली उठल्या. ती उठली नाही. तिकिटाचे पैसे दिलेत, इथे बसणं हा माझा घटनात्मक हक्क आहे, असं ती म्हणत राहिली. पोलिसांनी तिला बसमधून ओढून बाहेर काढलं, बेड्या घातल्या आणि मोठ्या माणसांच्या तुरुंगात नेऊन ठेवलं.

आता यातला महत्त्वाचा तपशील. कोल्विन यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं, की तो फेब्रुवारी त्यांच्या शाळेत कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकण्यात गेला होता. स्वतः गुलामीतून पळून जाऊन इतरांना सोडवायला परत परत दक्षिणेत येणाऱ्या हॅरिएट टबमन आणि गुलामीतून सुटून स्त्रियांच्या व कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या सोजर्नर ट्रुथ यांच्याबद्दल तिनं वाचलं होतं. बसमध्ये बसून राहताना त्या दोघी आपल्या खांद्यांवर हात ठेवून आहेत, असं तिला वाटत होतं.

म्हणजे वुडसन यांनी पेरलेल्या उपक्रमाचं फळ तीस वर्षांनी माँटगोमेरीच्या एका बसमध्ये दिसलं. आपल्या माणसांचा इतिहास शिकलेली मुलगी जागेवरून उठली नाही. आणि पुढे तिचंच नाव इतिहासाच्या पुस्तकांतून गळालं.

मग चळवळीचा चेहरा रोझा पार्क्स का झाल्या?

याचं उत्तर ‘अन्याय झाला’ एवढ्या दोन शब्दांत संपत नाही. कारणं अनेक होती आणि त्यातली काही व्यवहारी होती.

* कायदेशीर कारण : कोल्विनवर वर्णभेदाचा नियम मोडणं, शांतताभंग आणि पोलिसांवर हल्ला असे तीन आरोप होते. अपिलात पहिले दोन गळाले, फक्त हल्ल्याचा आरोप उरला. त्यामुळे या प्रकरणातून वर्णभेदाच्या नियमालाच आव्हान देणं अवघड झालं.

* वय : ती १५ वर्षांची होती. चळवळीचा भार तिला पेलवेल का, अशी शंका नेत्यांना होती.

* प्रतिमा : ती गरीब वस्तीतली, सावळ्या रंगाची. त्याच वर्षी पुढे ती गरोदर राहिली आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. विरोधक आणि वर्तमानपत्रं याचं काय करतील, हे नेत्यांना दिसत होतं. रंग आणि वर्ग यांचा हिशेब आपल्याच माणसांनी केला, याची खंत कोल्विन यांनी पुढे बोलूनही दाखवली.

रोझा पार्क्स शहरात आदरानं ओळखल्या जात. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या त्या सचिव होत्या. तिच्या युवक गटाचं काम त्या पाहत आणि कोल्विन त्या गटात येत असे.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्यांचं नाव राहतं, त्यांचीही गोष्ट पुष्कळदा अर्धीच राहते. ‘दिवसभर शिवणकाम करून थकलेली एक साधी बाई उठली नाही’ अशी पार्क्स यांची गोष्ट सांगितली जाते. प्रत्यक्षात त्या १९४३पासून संघटनेत होत्या. १९४४मध्ये रेसी टेलर या कृष्णवर्णीय महिलेवर गोऱ्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा त्या प्रकरणाची माहिती घ्यायला पार्क्स गेल्या होत्या. अटकेच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या टेनेसीतल्या एका शिबिरात चळवळीचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. बारा वर्षं काम केलेली कार्यकर्ती एका क्षणाची ‘दमलेली बाई’ करून ठेवली, की लढा योगायोगानं पेटला असं वाटू लागतं.

तसा तो पेटला नव्हता. पार्क्स यांना अटक झाली त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या कॉलेजातल्या प्राध्यापिकेनं सहकारी आणि विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजच्या मशीनवर बहिष्काराची हजारो पत्रकं छापली. सकाळी ती शहरभर वाटली गेली. बहिष्काराचं नेतृत्व तरुण पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे आलं ते त्यानंतर.

खटला कुणामुळे जिंकला?

पार्क्स यांचं प्रकरण राज्याच्या न्यायालयांत अडकून पडण्याची भीती होती. म्हणून वकील फ्रेड ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ रोजी थेट संघराज्याच्या न्यायालयात वेगळा दावा दाखल केला. ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या नावानं तो ओळखला जातो. निकालापर्यंत त्यात चार फिर्यादी राहिल्या : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन. चौघींनाही बसमध्ये अपमान सोसावा लागला होता. सुनावणीत कोल्विननं साक्ष दिली तेव्हा ती १६ वर्षांची होती आणि नुकतीच आई झाली होती.

जून १९५६मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सुप्रीम कोर्टानं तो कायम केला. ३८१ दिवस चाललेला बहिष्कार डिसेंबरात संपला आणि माँटगोमेरीच्या बसमधल्या राखीव रांगा गेल्या.

कोल्विन १९५८मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. तिथे वृद्धांच्या शुश्रूषागृहात त्यांनी अनेक वर्षं परिचारिकेच्या मदतनीस म्हणून नोकरी केली.

वॉशिंग्टनचा मोर्चा उभा करणारा माणूस मागे का राहिला?

२८ ऑगस्ट १९६३. वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक जमले आणि किंग यांचं ‘स्वप्ना’चं भाषण जगभर गेलं. हा मोर्चा साधारण दोन महिन्यांत उभा केला बायर्ड रस्टिन यांनी. बस, रेल्वे, पाणी, जेवणाचे डबे, स्वच्छतागृहं, प्रथमोपचार, स्वयंसेवक या सगळ्याची आखणी त्यांची होती. शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचला नाही तर गर्दी बेचैन होते, म्हणून ध्वनिक्षेपकांवर मोठा खर्च करायचा आग्रहही त्यांचाच. ते भाषण आज आपण ऐकतो, त्यामागे ही तयारीही आहे.

रस्टिन यांचा भारताशी थेट संबंध होता. गांधीजींच्या अहिंसक लढ्याचा त्यांनी अभ्यास केला होता आणि १९४८मध्ये ते भारतात येऊन गेले. १९५६मध्ये माँटगोमेरीचा बहिष्कार चालू असताना ते किंग यांना भेटले. तेव्हा किंग यांच्या घरात संरक्षणासाठी बंदुका होत्या. अहिंसा ही केवळ डावपेच म्हणून न राहता जगण्याची शिस्त व्हावी, हे पटवून देणाऱ्यांत रस्टिन महत्त्वाचे होते. पुढे १९५९मध्ये किंग भारतात आले, तेव्हा मुंबईत ते गांधीजींच्या मणिभवनात मुक्कामाला राहिले. हे आपल्याकडे अनेकांना माहीत असतं. रस्टिन आधी येऊन गेले होते, हे फार थोड्यांना.

ते मागे राहिले याचं कारण सरळ होतं. रस्टिन समलिंगी होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. १९५३मध्ये त्यावरून त्यांना अटक झाली होती. मोर्चाच्या काही दिवस आधी सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांनी सिनेटमध्ये तेच प्रकरण उकरून काढलं. ज्येष्ठ नेते ए. फिलिप रँडॉल्फ रस्टिन यांच्या पाठीशी उभे राहिले, म्हणून काम त्यांच्याकडे राहिलं. पण कागदावर मोर्चाचे प्रमुख रँडॉल्फ होते, रस्टिन उपप्रमुख.

रस्टिन १९८७मध्ये वारले. २०१३मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ दिलं. १९५३च्या त्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी २०२०मध्ये त्यांना माफी दिली.

तुमच्या फोनमधल्या मॅपशी याचा काय संबंध?

कॅथरीन जॉन्सन हे नाव ‘हिडन फिगर्स’ या २०१६च्या पुस्तकामुळे आणि सिनेमामुळे माहीत झालं. १९६२मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा कॉम्प्युटरनं काढलेले आकडे जॉन्सन यांनी हातानं तपासावेत, असं त्यांनी सांगितलं होतं. त्याआधी १९६०मध्ये एका तांत्रिक अहवालावर लेखक म्हणून जॉन्सन यांचं नाव छापलं गेलं होतं. त्यांच्या विभागात एखाद्या महिलेचं नाव अहवालावर येण्याची ती पहिलीच वेळ. गणितं महिलांनी करायची आणि नाव इंजिनीअरचं लागायचं, अशी तोवरची रीत होती. अहवालावरचं नाव ही पुढे सापडणारी नोंद असते. ते नसेल तर पन्नास वर्षांनी शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

ग्लॅडिस वेस्ट यांचं नाव त्याहून उशिरा पुढे आलं. व्हर्जिनियातल्या ग्रामीण भागात १९३०मध्ये जन्मलेल्या वेस्ट १९५६मध्ये डॅलग्रेनच्या नौदल केंद्रात गणितज्ञ म्हणून लागल्या. तिथे त्यांनी उपग्रहांकडून आलेल्या मोजमापांवर काम केलं.

ते काम काय होतं, हे थोडं समजून घेऊ. जीपीएसचा उपग्रह तुमच्या फोनला ‘मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत’ असा सिग्नल पाठवतो. सिग्नल यायला किती वेळ लागला, त्यावरून फोन अंतर काढतो. किमान चार उपग्रहांवरून जागा ठरते. पण ही जागा पृथ्वीवर नेमकी कुठे आहे हे सांगायचं, तर आधी पृथ्वीचा आकार नेमका माहीत हवा. पृथ्वी गुळगुळीत चेंडू नाही. ती ध्रुवांकडे चपटी आहे, शिवाय कुठे वस्तुमान जास्त, कुठे कमी, त्यामुळे गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. हे चढउतार धरून समुद्राच्या सरासरी पातळीचा जो काल्पनिक आकार निघतो, त्याला ‘जिऑइड’ म्हणतात. तो अचूक काढण्यासाठी वेस्ट यांनी त्या काळच्या खोलीभर मावणाऱ्या ‘आयबीएम ७०३०’ कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम लिहिले. जीपीएसच्या अचूकतेमागच्या पायाभूत कामांपैकी हे एक.

वेस्ट १९९८मध्ये निवृत्त झाल्या. त्या काय करत होत्या, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. लष्करी प्रकल्प, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. कॉलेजच्या काळातल्या महिला संघटनेच्या एका कार्यक्रमासाठी त्यांनी आपली थोडक्यात ओळख लिहून दिली आणि ती वाचून मैत्रिणी चकित झाल्या. २०१८मध्ये अमेरिकी हवाई दलानं अंतराळ क्षेत्रातल्या अग्रणींच्या यादीत त्यांचा समावेश केला.

जिच्या पेशी जगभर, तिचं नाव मात्र वीस वर्षं गायब?

हेन्रिएटा लॅक्स यांची गोष्ट आणखी वेगळी. तंबाखूच्या शेतात राबलेल्या या ३१ वर्षांच्या कृष्णवर्णीय महिलेचा ४ ऑक्टोबर १९५१ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं मृत्यू झाला. उपचारांदरम्यान त्यांच्या गाठीतल्या पेशी त्यांना न विचारता काढून घेतल्या होत्या. प्रयोगशाळेत इतर पेशी काही दिवसांत मरत, या मात्र वाढतच राहिल्या. त्यांना ‘हेला’ नाव मिळालं. पोलिओच्या लशीची चाचणी, कर्करोग, विषाणू, जनुकं अशा असंख्य संशोधनांत त्या वापरल्या गेल्या आणि कंपन्यांनी त्या विकल्या.

पेशी जगभर गेल्या, पण त्या कुणाच्या, हे दडलं. काही ठिकाणी ‘हेलन लेन’ असं खोटं नाव छापून येई. खरं नाव छापील स्वरूपात १९७१मध्ये आलं. आपल्या आईच्या पेशी अजून जिवंत आहेत, हे मुलांना १९७०च्या दशकात, मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी कळलं. लॅक्स यांच्या थडग्यावर नावाचा दगडही २०१०पर्यंत नव्हता. २०२३मध्ये ‘थर्मो फिशर सायंटिफिक’ या कंपनीनं कुटुंबाशी तडजोड केली. तिचा तपशील जाहीर झालेला नाही.

नाव माहीत असण्यानं काय फरक पडतो, असं वाटत असेल, तर तो इथे दिसतो. नाव कळल्यावरच कुटुंबाला विचारता आलं : आमची परवानगी कुणी घेतली होती?

फॉरवर्ड करण्याआधी काय तपासावं?

विसरलेल्यांना आठवण्याच्या उत्साहात उलटी चूकही होते. फेब्रुवारी आला की ‘हे शोध कृष्णवर्णीयांनी लावले’ अशा याद्या फिरतात. त्यातल्या काही दाव्यांची वस्तुस्थिती अशी :

* ‘सिग्नलचा शोध गॅरेट मॉर्गन यांनी लावला’ : वाहतुकीचे सिग्नल आधीपासून होते. क्लीव्हलँडमध्ये विजेवरचा सिग्नल १९१४मध्ये लागला. मॉर्गन यांना १९२३मध्ये पेटंट मिळालं ते तीन स्थिती दाखवणाऱ्या, चौकातली सगळी वाहनं क्षणभर थांबवू शकणाऱ्या सिग्नलचं.

* ‘बल्ब लुईस लॅटिमर यांचा’ : लॅटिमर यांनी बल्बमधली कार्बनची तार बनवण्याची सुधारित पद्धत शोधली, तिचं पेटंट १८८२चं. ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनच्या पेटंटसाठी आराखडे काढण्याचं कामही त्यांनी केलं होतं.

* ‘डॉ. चार्ल्स ड्र्यू यांना गोऱ्यांच्या रुग्णालयानं रक्त नाकारलं, म्हणून ते गेले’ : रक्तद्रव्य साठवण्याच्या कामात अग्रणी असलेल्या ड्र्यू यांचा १९५०मध्ये मोटार अपघातात मृत्यू झाला. गोऱ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार केले होते, असं सोबतच्या डॉक्टरांनीच सांगितलं. खरा अन्याय वेगळा होता : रेडक्रॉस तेव्हा कृष्णवर्णीयांचं रक्त वेगळं ठेवत असे.

* ‘जीपीएस एकट्या ग्लॅडिस वेस्ट यांनी बनवलं’ : जीपीएस हे शेकडो लोकांचं काम आहे. वेस्ट यांचा वाटा त्यात पक्का आहे, त्याला फुगवण्याची गरज नाही.

अशा अतिशयोक्तीचा तोटा त्या माणसांनाच होतो. एक दावा खोटा निघाला, की ज्यांना हा इतिहास नकोच असतो, त्यांना सगळंच खोटं म्हणायला निमित्त मिळतं.

मराठी वाचकाचा या इतिहासाशी काय संबंध?

बराच जुना आणि जवळचा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. हे विद्यापीठ कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीला लागून आहे. १९४६मध्ये आंबेडकरांनी डु बॉइस यांना पत्र लिहिलं. संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या वतीनं गेलेल्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. डु बॉइस यांनी त्याला उत्तरही दिलं. १९७२मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून.

एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाला तर मराठी घरांनी आपलंच मानलं. वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१मध्ये आलं आणि तेव्हापासून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. गुलामीत जन्मलेला, टस्कगीच्या संस्थेत राहून कापसानं थकलेल्या जमिनीला भुईमूग आणि रताळ्याची जोड देणारा हा माणूस. एका पुस्तकानं काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्याजवळ नाही. आणि याच टस्कगीत, कार्व्हर गेल्यानंतर दहा वर्षांनी, पोलिओ लशीच्या चाचणीसाठी हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवल्या जात होत्या. ते काम करणारेही कृष्णवर्णीय शास्त्रज्ञच होते. कार्व्हर आपल्याला माहीत, ते शास्त्रज्ञ नाहीत.

महाराष्ट्राच्या मातीतही एक नाव आहे. मलिक अंबर जन्मानं आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. त्यानं मुघलांना गनिमी काव्यानं जेरीस आणलं. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले होते. जमीन महसुलाची घडी त्यानं बसवली, खडकी शहर वसवलं आणि जमिनीखालच्या नहरींनी तिथे पाणी आणलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबर १६२६मध्ये गेला, त्याला २०२६मध्ये ४०० वर्षं झाली. खुलताबादला त्याची कबर आहे. वेरूळला जाणारे अनेक जण तिच्याजवळून जातात, थांबणारे थोडे.

मागे राहिलेली नावं परत कशी येतात?

आपोआप येत नाहीत. वरच्या प्रत्येक गोष्टीत कुणीतरी एक कागद शोधलेला किंवा जपलेला आहे. न्यायालयाच्या नोंदीत चार फिर्यादींची नावं होती, म्हणून कोल्विन सापडल्या. अहवालावर नाव होतं, म्हणून जॉन्सन सापडल्या. एका मेळाव्यासाठी स्वतःबद्दल चार ओळी लिहून दिल्या, म्हणून वेस्ट सापडल्या. जिथे कागद नव्हता किंवा त्यावर खोटं नाव होतं, तिथे लॅक्स यांच्यासारखी वीस वर्षं गेली. शंभर वर्षांपूर्वी वुडसन यांनी आधी संस्था आणि पत्रिका काढली, उत्सव नंतर सुरू केला, तो क्रम म्हणूनच महत्त्वाचा.

कोल्विन यांच्या बाबतीत एक कागद मात्र पुसायचा राहिला होता. १९५५मध्ये बालन्यायालयानं त्यांना दोषी ठरवून देखरेखीखाली ठेवलं होतं. ती देखरेख संपली, असं त्यांना कुणी कधी कळवलंच नाही. ज्या शहरात त्या फिर्यादी असलेल्या खटल्यानं कायदा बदलला, त्याच शहराच्या दप्तरी त्या ६६ वर्षं गुन्हेगार होत्या. त्यांनी स्वतः अर्ज केला आणि २०२१च्या अखेरीस माँटगोमेरीच्या न्यायाधीशांनी ती नोंद पुसून टाकण्याचा आदेश दिला. तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या.